कंडक्टरचा जिना

शाळेत इतिहास शिकवताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. मुलांना लढाया आवडतात, तह आवडत नाहीत, आणि सनावळ्यांचा तर त्यांना मनापासून तिटकारा. पण जुन्या काळी माणसे काय खात, कशी राहत, या गावाहून त्या गावाला कशी जात, असा विषय निघाला की शेवटच्या बाकावरची मुलेही कान टवकारतात. या दिवाळीला असाच एक इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे मनात आहे. त्यात राजा नाही, सेनापती नाही. आहे तो लंडनच्या दुमजली बसमधला एक साधा जिना, त्यावरून दिवसभर वरखाली करणारे कंडक्टर, आणि त्या जिन्याचा अर्थ शोधून काढणारा एक डॉक्टर. फराळाचे ताट शेजारी ठेवून हे वाचायला हरकत नाही. ताटाचाही संबंध पुढे येणारच आहे.

माणूस चालतो, यात कोणाला काही सांगण्यासारखे आहे असे हजारो वर्षे वाटलेच नाही. शेताला जायचे तर चालत, बाजाराला जायचे तर चालत, लग्नाला जायचे तरी चालत. घोडा, पालखी, रथ ही मूठभरांची वाहने. जे सर्वांनाच करावे लागते त्याची कोणी बखर लिहीत नाही. तरी ज्यांचे काम रोगी पाहण्याचे होते, त्या वैद्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नव्हती. चालणारे कोण आणि बसणारे कोण, हा फरक त्यांनी फार पूर्वी टिपून ठेवला आहे.

आपल्या सुश्रुतसंहितेतल्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या उपचाराचा एक अध्याय आहे. ज्याला आज आपण मधुमेह म्हणतो तो याच कुळातला रोग. औषधे, काढे, पथ्य हे सगळे सांगून झाल्यावर सुश्रुताला एका निराळ्याच रोग्याची आठवण होते. ज्याच्यापाशी पैसा नाही आणि ज्याला कोणी नातेवाईकही नाहीत, अशा रोग्याने काय करावे? त्याने पायांत जोडा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षा मागून खात, एका गावी एकच रात्र मुक्काम करत, मुनीसारखे मनावर ताबा ठेवून शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालत जावे, असे ग्रंथ सांगतो. विहीर खणण्याचेही काम त्याच अध्यायात सुचवले आहे. मला या उपचारातली मौज अशी वाटते, की वैद्याने गरिबाला दिलेले हे औषध श्रीमंताच्या काढ्यापेक्षा फारसे कमी प्रतीचे नसावे.

पुढे इ. स. 1700 मध्ये इटलीतल्या मोदेना शहरी बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. खाणकामगार, कुंभार, धोबिणी, सुतार अशा पुष्कळ धंद्यांची त्यात चौकशी आहे. रोग्याला इतर प्रश्न विचाराल तेव्हा ‘तुझा धंदा कोणता?’ हाही प्रश्न विचारा, असा त्याचा वैद्यांना आग्रह. शिंपी आणि चांभार यांच्यासारखे दिवसभर बसून काम करणारे लोक त्याने पाहिले, त्यांची प्रकृती पाहिली, आणि निदान सुटीच्या दिवशी तरी यांनी अंग हलवावे असा सल्ला दिला. सल्ला चांगला होता. पण सल्ला चांगला असणे निराळे आणि तो खरा असल्याचे सिद्ध होणे निराळे. ते सिद्ध व्हायला पुढे अडीचशे वर्षे जावी लागली.

आता आपण लंडनला जाऊ. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे. शहराच्या पुष्कळ भागात अजून पडझड दिसते आहे, रेशन चालू आहे. याच काळात इंग्लंडातल्या डॉक्टरांना एका गोष्टीने कोड्यात टाकले होते. साथीचे रोग मागे हटत होते, क्षयावर नवी औषधे येत होती, आणि तरी चाळिशी-पन्नाशीतले धडधाकट दिसणारे पुरुष हृदयविकाराने अचानक जात होते. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी घरी परत येत नसे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या अडतात, एवढे शवविच्छेदनावरून दिसे. पण त्या कोणाच्या अडतात आणि का अडतात, याचा ठाव लागत नव्हता.

ज्या डॉक्टरांनी हे कोडे हाती घेतले त्यांचे नाव जेरेमी नोआ मॉरिस. सगळे त्यांना जेरी म्हणत. जन्म 1910 चा, लिव्हरपूलमधला. आईबाप पोलंडच्या बाजूने आलेले गरीब ज्यू निर्वासित. बालपण ग्लासगो शहरात गेले. वडील मुलांना चार-चार मैल चालायला नेत, आणि रपेट वेळेत पुरी झाली की आइस्क्रीम मिळे. युद्धाच्या काळात मॉरिस सैन्याच्या वैद्यकीय दलात होते आणि त्यांची बरीचशी नोकरी हिंदुस्थानात व ब्रह्मदेशात झाली. युद्धानंतर 1948 साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सामाजिक वैद्यकाचे एक छोटे पथक काढले. त्याची सूत्रे मॉरिस यांच्याकडे होती.

रोगी दवाखान्यात येईपर्यंत फार उशीर झालेला असतो, तेव्हा त्याच्या रोजच्या कामातच शोधले पाहिजे, अशी या पथकाची रीत. म्हणजे रामाझिनीचाच प्रश्न पुन्हा: तुझा धंदा कोणता? असा धंदा हवा होता की ज्यात एकाच पगाराच्या आसपासची, एकाच वस्तीतली, एकाच तऱ्हेचे खाणेपिणे असलेली हजारो माणसे आहेत, आणि तरी त्यांच्या कामात एक मोठा फरक आहे. असा धंदा त्यांच्या डोळ्यांपुढून रोज रस्त्याने धावत होता. ती लंडनची लाल दुमजली बस.

प्रत्येक बसवर दोन माणसे. एक पुढे बसून गाडी हाकणारा चालक, दुसरा तिकिटे देणारा कंडक्टर. चालक आपल्या पाळीतला नव्वद टक्के वेळ बसलेला. कंडक्टर मात्र एकटाच दोन्ही मजले सांभाळणारा. खालचे उतारू झाले की जिन्याने वर, वरचे झाले की पुन्हा खाली. आपल्या मुंबईच्या दुमजली बसमध्ये दोन मजल्यांना दोन कंडक्टर असत. लंडनच्या कंडक्टरला ती चैन नव्हती. तो दिवसाकाठी 500 ते 750 पायऱ्या चढे. मुलांना हे सांगताना मी फळ्यावर हिशेब मांडतो. पायरी वीस सेंटिमीटर उंच धरली आणि पायऱ्या 600 धरल्या, तर 120 मीटर झाले. कुतुबमिनार 73 मीटर उंच आहे. म्हणजे हा गृहस्थ तिकिटे फाडत फाडत रोज दीड कुतुबमिनारापेक्षा अधिक चढून जात होता, आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

मॉरिस आणि त्यांच्या सोबत्यांनी 1949 आणि 1950 या दोन वर्षांतल्या लंडनच्या वाहतूक सेवेतल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे 31,000 पुरुषांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्या. त्या काळी यंत्रगणक हाताशी नव्हते; कागद, पेन्सिल आणि चिकाटी यांवरच भिस्त. आकडे जुळू लागले तसे चित्र स्पष्ट होत गेले. हृदयविकाराचा पहिला झटका चालकांत वर्षाला दर हजारी 2.7 जणांना येत होता, कंडक्टरांत 1.9 जणांना. त्याहून महत्त्वाचे असे की झटका आल्यानंतर पहिल्या तीन महिन्यांतल्या मृत्यूचे प्रमाण पाहिले, तर कंडक्टरांचे प्रमाण चालकांच्या निम्म्यावर होते. एकाच गाडीत, एकाच धुक्यात, एकाच रस्त्यावर काम करणारी दोन माणसे. एकाला मृत्यू लवकर गाठत होता आणि दुसऱ्याला तो उशिरा गाठत होता. दोघांच्या मध्ये फरक दिसत होता तो एका जिन्याचा.

येथे एखादा उतावळा मनुष्य छपराच्या गच्चीवर उभा राहून ओरडला असता. मॉरिस यांनी तसे केले नाही. एका धंद्यावरून जगाचा नियम काढू नये, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी टपाल खात्याकडे मोर्चा वळवला. तेथे एका बाजूला पायी किंवा सायकलवरून घरोघर पत्रे टाकणारे पोस्टमन, दुसऱ्या बाजूला टेलिफोन जोडून देणारे आणि टेबलाशी बसून काम करणारे कारकून. येथे ना बस होती, ना जिना, ना लंडनची रहदारी. तरी निकाल तोच आला. चालणाऱ्या पोस्टमनांचे हृदय बसलेल्या कारकुनांपेक्षा अधिक काळ साथ देत होते. मग 1953 च्या नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या दोन अंकांत हा निबंध प्रसिद्ध झाला.

शंकेखोरांची वाण नव्हतीच, आणि शंका काही पोरकट नव्हत्या. कोणी म्हणाले, हृदय बिघडते ते बसण्याने नव्हे, रहदारीतून गाडी हाकण्याच्या ताणाने. पण टपालातल्या कारकुनाला कोणती रहदारी? दुसरी शंका अधिक अवघड होती. मुळातच स्थूल, आळशी प्रकृतीचे लोक चालकाची नोकरी पसंत करत असतील आणि चपळ लोक कंडक्टर होत असतील, तर सगळे श्रेय जिन्याला कसे द्यायचे? कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली नाही कशावरून?

या शंकेचे उत्तर मॉरिस यांनी जेथे शोधले ती जागा मला फार आवडते. ते शिंप्याकडे गेले! वाहतूक सेवा आपल्या नोकरांना गणवेश शिवून देई, आणि प्रत्येकाच्या विजारीच्या कमरेचे माप वहीत नोंदलेले असे. त्या वह्या उघडल्या. 1956 साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये गणवेशांचा हा अभ्यास आला. शंका अंशतः खरी निघाली. चालकांची कंबर कंडक्टरांच्या कंबरेपेक्षा खरोखरच मोठी होती, आणि तरुण वयातल्या चालकांचीही ती तशी होती. पण पुढे पाहिले तेव्हा असे आढळले की सडपातळ कंडक्टर सडपातळ चालकापेक्षा सुरक्षित होता आणि लठ्ठ कंडक्टरही लठ्ठ चालकापेक्षा सुरक्षित होता. म्हणजे कंबर सारखी असली तरी जिना आपले काम करतच होता.

ही गोष्ट मी वाचकांना मुद्दाम इतक्या विस्ताराने सांगितली. आजकाल आरोग्याचे सल्ले पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवतात. कोणी म्हणतो पहाटे कोमट पाणी प्या, कोणी म्हणतो अमुक बी चघळा. चालण्याचा सल्ला त्या गर्दीतला नाही. त्याच्यामागे शंका घेणारे, शंकेला उत्तर शोधणारे आणि उत्तर गैरसोयीचे निघाले तरी तेही छापणारे लोक उभे आहेत. आपल्या विरुद्ध जाणारे कंबरेचे माप ज्यांनी लपवले नाही, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला मला संकोच वाटत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकातले मला कळते असा माझा दावा नाही. पण साक्षीदार खरा बोलतो की नाही, हे पारखण्याची सवय कादंबऱ्या लिहिणाऱ्याला लागतेच.

आणि या विषयात माझा स्वतःचाही एक हितसंबंध आहे. मॉरिस यांनी ज्यांच्या नोंदी तपासल्या ते 35 ते 64 वयाचे होते. मी चाळिशीत आहे. त्या वहीत माझे नाव बरोबर मधल्या पानावर आले असते. शिक्षकाला वर्गात उभे राहावे लागते म्हणून आम्ही स्वतःला कंडक्टर समजतो. पण तपासायच्या वह्यांचा गठ्ठा समोर आला आणि घरी गेल्यावर कादंबरीचे प्रकरण पुढे ओढले, म्हणजे मी चालकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. माझ्या वयाच्या पुष्कळ वाचकांचे याहून निराळे नसावे.

चालण्याने शरीरात होते तरी काय? पोटऱ्या आणि मांड्या यांचे स्नायू हे शरीरातले मोठे स्नायू. ते हलू लागले की रक्तातली साखर स्वतःकडे ओढून जाळतात. इन्शुलिन पुरेसे काम करीत नसले तरी हलणारा स्नायू काही साखर उचलतोच. हृदयाला थोडे अधिक पंपावे लागते आणि या सरावाने ते विश्रांतीच्या वेळी कमी कष्टात काम करू लागते. रक्तवाहिन्या लवचीक राहतात, रक्तदाब उतरतो. यात चमत्कार काही नाही. विहिरीचा रहाट रोज फिरवला तर तो गंजत नाही, इतकेच.

मॉरिस यांचे काम 1956 नंतर थांबले नाही. कामातले कष्ट यंत्रांनी कमी होत जाणार हे त्यांना दिसत होते. मग टेबलाशी बसणाऱ्या माणसाने काय करायचे? 1968 ते 1970 या काळात त्यांनी ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या 40 ते 64 वयाच्या सुमारे 17,000 पुरुषांना सोमवारी सकाळी गाठले आणि मागच्या शुक्रवारी व शनिवारी त्यांनी काय काय केले ते लिहून घेतले. 1973 साली निकाल छापून आला. फावल्या वेळात जे जोमदार हालचाल करत त्यांना हृदयविकाराचा धोका पुष्कळ कमी होता. रमतगमत केलेल्या फेरफटक्याला मात्र त्या अभ्यासात तसे यश दिसले नाही. झपझप चालणे, ज्यात बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ते उपयोगी. अटलांटिकच्या पलीकडे राल्फ पॅफेनबर्गर यांनी सान फ्रान्सिस्कोच्या बंदरावरचे हमाल आणि हार्वर्ड विद्यापीठाचे माजी विद्यार्थी यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन अशाच निष्कर्षाची वाट दाखवली. 1996 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने क्रीडाविज्ञानाचे पहिले पारितोषिक दिले ते या दोघांना मिळून.

मॉरिस स्वतःही बोलले तसे चालले. 1960 च्या सुमारास लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर ते धावत, तेव्हा लोक त्यांना वेडा समजत, असे ते सांगत. 2009 साली वयाच्या 99 व्या वर्षी ते वारले. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढू नये, हे त्यांनीच शिकवले. तरी हे वाचून मनाला बरे वाटते, ते वाटू द्यावे.

आता थोडे पावलांच्या आकड्याविषयी. दिवसाला दहा हजार पावले चालावीत असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. घरातले आजोबासुद्धा रात्री मोबाइलकडे पाहत ‘अजून आठशे राहिली’ म्हणून ओसरीवर येरझारा घालताना दिसतात. हा आकडा कोणत्या वैद्याने दिला असे विचाराल, तर उत्तर गमतीचे आहे. 1964 च्या ऑक्टोबरात टोकियोला ऑलिंपिक सामने झाले. जपानात व्यायामाची हवा पसरली. पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, तेथल्या एका कंपनीने कंबरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र विक्रीला काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे माप. मोठा, गोल, लक्षात राहणारा आकडा. तो आधी विक्रीच्या नावातून जगभर गेला, संशोधन मागाहून आले.

ते संशोधन काय म्हणते? 2019 साली हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी 16,741 वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय 72. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांत, चार वर्षांहून थोड्या अधिक काळात, मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढली तसा लाभ वाढत गेला, पण 7,500 च्या आसपास तो स्थिरावला. ज्या स्त्रिया जास्त चालत त्या मुळातच धडधाकट असतील, ही जुनी शंका येथेही उरतेच, आणि अभ्यासकांनी आजारी स्त्रिया वेगळ्या काढून तिचा विचार केला होता. या आकड्यांत मला एक मोठा दिलासा दिसतो. गुडघे धरून बसलेल्या आजीला दहा हजारांचा डोंगर दाखवला तर ती उठणारच नाही. पण ‘आत्ता चालतेस त्याहून थोडे अधिक चाल’ एवढे सांगितले, तर कदाचित उठेल. सर्वांत मोठा फायदा मिळतो तो अगदी न चालणाऱ्याने थोडे चालू लागण्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगितली, आणि ती सलग दहा मिनिटांचीच हवी ही जुनी अट त्यात ठेवली नाही. दोन मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो. कंडक्टरही एका दमात कधी चढला नव्हता. तो एका वेळी डझनभर पायऱ्याच चढे.

मग आपल्या घरचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे केलेल्या पाहणीचा अहवाल 2014 मध्ये आला. त्यात 54 टक्क्यांहून अधिक लोक पुरेशी हालचाल न करणारे आढळले. शहरांत 65 टक्के, खेड्यांत 50 टक्के. खेड्यांतही निम्मे, हे वाचून मी पान पुन्हा वाचले. त्याच परिषदेच्या देशव्यापी पाहणीवरून 2023 साली भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या 10 कोटींवर असल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. ज्या देशात सुश्रुताने शंभर योजनांचे औषध लिहून ठेवले, त्याच देशाचा हा हिशेब आहे.

‘पण मी तर बारीक आहे’ असे म्हणून कोणी वाचक हे पान उलटत असतील, तर त्यांनी एक क्षण थांबावे. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्येच दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. खाली खुलासा होता. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी संशोधन केंद्राच्या लिफ्टचे दार बंद होण्याआत धावत जाऊन ते गाठणे! स्वतःवर असा विनोद करणारा शास्त्रज्ञ आपल्या भाषेच्या मुलखातला आहे याचा मला अभिमान वाटतो. चरबीच्या या फरकाला जन्मापूर्वीचे कुपोषणही कारण असू शकेल, असेही त्याच टिपणात सुचवले होते. आपण सडपातळ दिसतो म्हणून आत सगळे ठीक आहे, असे समजायला आपण भारतीय मोकळे नाही, एवढे त्या छायाचित्रावरून घ्यावे.

या ठिकाणी पुष्कळ लेखक जुन्या काळाचे गोडवे गाऊ लागतात. आमच्या आज्या पहाटे जात्यावर बसत, विहिरीचे पाणी ओढत, म्हणून निरोगी राहत, असे म्हणण्याची रीत आहे. मी तसे म्हणणार नाही. त्या आज्यांपैकी किती जणी बाळंतपणातच गेल्या, किती जणींचे पाठीचे कणे अकाली वाकले, हे ज्याने घरात पाहिले आहे तो जात्याची आरती गाणार नाही. ज्या बाईला आजही उन्हात दोन मैलांवरून हंडा आणावा लागतो, तिला चालण्याचे फायदे सांगणे ही क्रूर थट्टा होईल. तिच्या दारात नळ यावा हाच तिचा आरोग्याचा उपाय. गिरणी आली, नळ आला, गाडी आली, हे चांगलेच झाले. फक्त त्या यंत्रांनी आपले कष्ट नेताना त्या कष्टांत मिसळलेले औषधही बरोबर नेले. लंडनच्या कंडक्टरला ते औषध पगारासोबत फुकट मिळत होते. आपल्याला ते आता आठवणीने घ्यावे लागते.

लंडनचा तो कंडक्टरही आता उरला नाही. मागच्या बाजूने उघड्या असलेल्या प्रसिद्ध रूटमास्टर बसगाड्या 2005 च्या डिसेंबरात नियमित सेवेतून निवृत्त झाल्या, आणि त्यांच्याबरोबर कंडक्टरांचा धंदाही बहुतेक संपला. मुंबईत 1937 साली आलेल्या दुमजली बसगाड्यांपैकी जुन्या डिझेलच्या शेवटच्या गाड्या 2023 च्या सप्टेंबरात थांबल्या. वातानुकूलित, विजेवर चालणाऱ्या नव्या दुमजली गाड्या त्याच वर्षी रस्त्यावर आल्या. लहानपणी मुंबईला मावशीकडे गेलो की वरच्या मजल्यावरच्या अगदी पुढच्या बाकासाठी आम्ही भावंडे धक्काबुक्की करत जिना चढत असू. आरोग्यासाठी जिना चढतो आहोत असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. चालण्याची खरी गोडी तेथेच आहे. ते कशासाठी तरी असले म्हणजे जड होत नाही. नुसत्या व्यायामासाठी पहाटेचे फिरणे चार दिवस टिकते. पण वाचनालय, वाणी, भाजी, देऊळ, मित्राचे घर, यांपैकी एक रोजची वाट पायांच्या नावे लिहून दिली तर ती वर्षभर टिकते.

आमच्या शाळेच्या दाराशी सकाळी दुचाक्यांची एवढी दाटी होते की पायी येणाऱ्या मुलाला आत शिरायला वाट मिळत नाही. त्यांतली निम्मी मुले दहा मिनिटांच्या अंतरावर राहतात. आईवडिलांना विचारले की ते रस्त्यावरच्या वाहनांची भीती सांगतात, आणि ती भीती खोटी नाही. म्हणजे मुलाला पायी जाता येत नाही ते दुचाक्यांमुळे, आणि दुचाकी काढावी लागते ती मुलाला पायी जाता येत नाही म्हणून! हे चक्र एकट्या आईने सुटणार नाही. पदपथ मोकळे हवेत, रस्ता ओलांडायला जागा हवी, नगरपालिकेकडे ते मागायला हवे. पण एका आळीतली पाच-सहा मुले एका मोठ्या माणसाबरोबर मिळून चालत शाळेला आली, तर तेवढ्यासाठी कोणाचा ठराव मंजूर व्हावा लागत नाही.

आणि आता ताटाकडे वळू. आपल्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे, शतपावली. जेवण झाले की शंभर पावले चालावे, ही आपल्या वाडवडिलांची साधी शिस्त. 2013 साली अमेरिकेत साठी ओलांडलेल्या दहा जणांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या रक्तातली साखर चढू लागलेली होती. एकदा त्यांना सकाळी सलग 45 मिनिटे चालवले, एकदा प्रत्येक जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटे. दिवसभराच्या साखरेवर दोन्हींचा परिणाम सारखाच चांगला दिसला, आणि रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर रोखण्यात जेवणानंतरच्या छोट्या फेऱ्या सरस ठरल्या. दहाच माणसांचा प्रयोग, तेव्हा त्यावर किल्ला बांधू नये. पण जेवणानंतर थोडे चालले की साखरेची उसळी बसते, हे नंतरच्या प्रयोगांतही दिसत आले आहे. शंभर पावले थोडी कमीच पडतात. त्यांची हजार करावीत. नाव शतपावलीच राहू द्यावे.

दिवाळीत फराळ सोडा असे सांगणारा लेखक मी नव्हे. चकली खावी, करंजी खावी, शेजारच्या वहिनींनी आग्रहाने वाढलेला दुसरा लाडूही खावा. मात्र शेजारी फराळाचे ताट पोचवायला मुलाला गाडीवरून धाडू नये. आपण स्वतः चालत जावे. भाऊबीजेला बहिणीचे घर गावातच असेल तर ओवाळणीचे पाकीट खिशात घालून पायी निघावे, आणि तिने जेवायला वाढल्यावर तिला आणि मेव्हण्यांनाही घेऊन कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारावी. ज्यांना छातीत दुखते, चार पावलांत दम लागतो, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी कोणाला विचारण्याची गरज नाही. बहिणीचे घर तिसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट समोर उघडी असेल, तर दोन मजले तरी जिन्याने चढावे. वर पोचेपर्यंत थोडा दम लागेल. तो लागलाच पाहिजे.